भेस्तानमध्ये 'बाहेरचे हटाव' का चालत नाही?

मुंबई-ठाण्यात निवडणूक जवळ आली की 'परप्रांतीय' हा शब्द कुणीतरी माईकवर घेतोच. हाच शब्द भेस्तानमधल्या सभेत कुणी घेतला तर टाळ्या कोण वाजवणार? समोर बसलेला जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला असतो. कुणी नवापूर-साक्रीचा, कुणी उत्तर प्रदेश-बिहारचा, कुणी ओडिशाच्या गंजामचा, कुणी अमरेली-भावनगरचा. मूळचे सुरती तिथं शोधावे लागतात.

सुरत महापालिकेची मागची निवडणूक 2021 च्या फेब्रुवारीत झाली. मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुन्हा प्रचाराचे दिवस आले. गटार, पाणी, घरकुल, शाळा, रिंगरोडच्या कापड बाजारातली मंदी यावर बोललं जाईल. पण बाहेरून आलेल्यांना परत पाठवा, असं म्हणत इथं कुणी मत मागेल असं दिसत नाही. देशात अनेक ठिकाणी ज्या मुद्द्यावर पक्ष उभे राहिले, तो मुद्दा स्थलांतरितांच्या या शहरात इतका निकामी कसा झाला आणि त्यातून खरा फायदा कुणाचा झाला, हे समजून घ्यायला हवं. कारण सुरतेत 'बाहेरचा' कोण, या यादीत आपला खान्देशी माणूसही येतो.

आधी हिशोब पाहू

मुंबईहून रेल्वेनं येताना सचिन, मग भेस्तान, मग उधना आणि पुढे सुरत. उधन्याहून जळगावचा फाटा निघतो. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही सगळी गावं त्याच लाइनीवर. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. त्यामुळे खान्देशातल्या माणसाला सुरत हे कधी परराज्य वाटलंच नाही. दुष्काळ पडला, शेत तुकड्यांत वाटलं गेलं, दहावीनंतर काय करायचं ते सुचेना, तर गाडीत बसायचं आणि उधन्याला उतरायचं. पुण्या-मुंबईपेक्षा हे जवळ आणि स्वस्त. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात अहिराणी आजही सर्रास कानावर पडते.

2001 च्या जनगणनेत सुरत शहराची लोकसंख्या 24 लाखांच्या घरात होती. 2011 मध्ये ती 44 लाखांच्या पुढे गेली. त्यात हद्दवाढीचा वाटा आहे, पण दहा वर्षांत 20 लाख माणसं काही फक्त हद्दवाढीतून किंवा पाळण्यातून येत नाहीत. यंत्रमागावर ओडिया, पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये उत्तर प्रदेश-बिहारचे, कापड बाजारात पॅकिंग-हमालीपासून दुकानातल्या नोकरीपर्यंत खान्देशी, व्यापारात राजस्थानी, विणकामात तेलुगू, हिऱ्याच्या घंटीवर सौराष्ट्रातले, अशी ही वाटणी ढोबळमानानं आहे. महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. शहरात कोण कोण राहतं ते या एका गोष्टीतून कळतं.

आता उमेदवाराच्या जागी बसून बघा. 'स्थानिकांना न्याय' म्हटलं तर किती मतं मिळतील आणि किती जातील? भेस्तानसारख्या वस्तीत जाणारी मतं मिळणाऱ्या मतांच्या कितीतरी पट भरतील. त्यातही 'स्थानिक' कोण, हा वाद आहेच. जुन्या सुरतींच्या दृष्टीनं काठियावाडीसुद्धा बाहेरचाच. पण तोच काठियावाडी वराछा-कतारगाममध्ये निवडणुकीचं पारडं फिरवतो. 2021 मध्ये 120 पैकी 93 जागा भाजपला आणि 27 आम आदमी पक्षाला मिळाल्या, काँग्रेसला एकही नाही. 'आप'ची ही मुसंडी मुख्यतः सौराष्ट्रातून आलेल्या पाटीदारांच्या वस्तीतली होती. म्हणजे शहराच्या राजकारणाला सगळ्यात मोठा हादरा दिला तोही स्थलांतरितांनीच, आणि त्यात परप्रांतीयाचा संबंध नव्हता.

गुजरातमध्ये हा मुद्दा कधीच नव्हता, असं नाही

2018 चा सप्टेंबर-ऑक्टोबर आठवत असेल. साबरकांठा जिल्ह्यात हिंमतनगरजवळ एका चिमुकलीवर अत्याचार झाला. संशयित बिहारचा कामगार होता. त्यानंतर उत्तर गुजरातमध्ये हिंदी भाषकांवर हल्ले सुरू झाले. भाड्याच्या खोल्या रिकाम्या झाल्या, गाड्या भरभरून लोक गावी निघाले. पोलिसांनी चारशेच्या वर माणसं पकडली. तेव्हा काँग्रेसचे आमदार असलेले अल्पेश ठाकोर यांच्या संघटनेवर बोट ठेवलं गेलं, त्यांनी आरोप नाकारले. त्याच सुमारास मुख्यमंत्री विजय रूपाणी यांनी उद्योगांत 80 टक्के नोकऱ्या गुजराती लोकांना देण्याचा कायदा करू, असं जाहीर केलं होतं.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. तसा कायदा आला नाही. अल्पेश ठाकोर 2019 मध्ये भाजपमध्ये गेले, राधनपूरची पोटनिवडणूक हरले आणि 2022 मध्ये गांधीनगर दक्षिणमधून निवडून आले. त्या प्रचारात 'बाहेरचे' हा विषय कुणाच्या तोंडी फारसा नव्हता. राज्य हादरवून टाकणारा मुद्दा चार वर्षांत प्रचारातून गळून गेला. दक्षिण गुजरातपर्यंत तर ते लोण त्या प्रमाणात पोहोचलंच नव्हतं. कारण उघड आहे. सुरतेचे कारखाने महिनाभर कामगाराविना ठेवून बघा, मालकच रस्त्यावर येतील.

हरियाणाचं उदाहरणही इथं घ्यायला हवं. तिथं खासगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांना देणारा कायदा खरोखर झाला. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं 17 नोव्हेंबर 2023 रोजी तो रद्द केला. देशात कुठेही राहण्याचा आणि कामधंदा करण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमात आहे. त्यामुळे 'स्थानिकांना नोकऱ्या' ही घोषणा द्यायला सोपी असली, तरी ती कायद्यात बसवणं जड जातं. हे राजकारण्यांनाही आता कळून चुकलं आहे.

पक्षांनी बाहेरच्यालाच तिकीट दिलं

सुरतेत हा मुद्दा बोथट होण्याचं दुसरं कारण म्हणजे बाहेरचा माणूस पक्षाच्या आत शिरला, आणि मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं शिरला.

सी. आर. पाटील म्हणजे चंद्रकांत रघुनाथ पाटील. जन्म जळगाव जिल्ह्यातला, 1955 चा. सुरतेत वाढले, पोलिसात शिपाई होते, ती नोकरी सोडून राजकारणात आले. 2009 पासून ते नवसारीचे खासदार आहेत. या मतदारसंघाचं नाव नवसारी असलं, तरी त्यातले लिंबायत, उधना, मजुरा आणि चोर्यासी हे चार विधानसभा मतदारसंघ सुरतेच्या बाजूचे आहेत. भेस्तानचा मतदारही लोकसभेला नवसारीतच येतो. पाटलांचं मताधिक्य 2019 मध्ये 6 लाख 89 हजारांच्या पुढे होतं, 2024 मध्ये ते 7 लाख 73 हजारांवर गेलं. 2020 च्या जुलैत ते गुजरात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. 2022 मध्ये पक्षानं 182 पैकी 156 जागांचा विक्रम केला तेव्हा अध्यक्ष हेच होते. आता केंद्रात जलशक्ती मंत्री आहेत. ज्या राज्याची स्थापनाच 1960 मध्ये मराठी आणि गुजराती भाषकांच्या वेगळं होण्यातून झाली, त्या राज्यात सत्ताधारी पक्षाचा अध्यक्ष खान्देशात जन्मलेला मराठी माणूस होतो आणि त्याचा कुणी मुद्दा करत नाही. साठ वर्षांत एवढा बदल झाला.

लिंबायतच्या संगीता पाटील 2012, 2017 आणि 2022 अशा तिन्ही वेळा विधानसभेत निवडून गेल्या. मराठी आडनावाचे नगरसेवकही निवडून आले आहेत. 2022 च्या जूनमध्ये एकनाथ शिंदे आमदारांना घेऊन आधी सुरतेच्याच हॉटेलात आले, तेव्हा उभ्या महाराष्ट्राचं लक्ष या शहराकडे गेलं. पण सुरतेशी असलेला महाराष्ट्राच्या राजकारणाचा धागा त्या रात्री तयार झालेला नव्हता, तो या मतदारांमधून आधीपासून विणलेला होता. धुळे-नंदुरबार-जळगावच्या निवडणुकीत तिकडचे उमेदवार लिंबायत-उधन्यात येऊन मेळावे घेतात, मतदानाला गाड्या लावतात. हे जुनंच आहे.

उत्तर भारतीय आणि ओडिया समाजालाही पक्षांनी असंच जोडलं. प्रत्येक समाजाचा मेळावा, प्रत्येकाचा सण, प्रत्येकाचा एक 'आगेवान'. छठ पूजेला तापीच्या काठावर, गणपतीला मंडपात, जगन्नाथाच्या रथयात्रेत नेता हजर. यात प्रेम किती आणि गणित किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण ज्याच्या रथाला हात लावून आलात, त्याच्याविरुद्ध दुसऱ्या दिवशी भाषण करता येत नाही.

मुंबईत काय झालं

मराठी वाचकाला इथं मुंबईची आठवण येणारच. 1966 मध्ये शिवसेना स्थापन झाली ती मराठी माणसाच्या नोकऱ्यांच्या प्रश्नावर, आणि सुरुवातीचा रोख दक्षिण भारतीयांवर होता. पुढे हा रोख बदलत गेला. 2008 मध्ये मनसेनं उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन केलं, रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या मुलांना मारहाण झाली. वर्षभरानं, 2009 च्या विधानसभेत मनसेचे 13 आमदार निवडून आले. मुद्दा चालला, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं.

मग 2014 मध्ये 1, 2019 मध्ये 1 आणि 2024 मध्ये शून्य. मुंबई महापालिकेत 2012 मध्ये 28 नगरसेवक होते, 2017 मध्ये 7 उरले. भाषणाला गर्दी कमी झाली नाही, मतं कमी झाली. मुंबईतही सुरतेसारखंच झालं. उत्तर भारतीय मतदार इतके वाढले की त्यांना सोडून सत्तेचं गणित बसत नाही. मग जे मोठे पक्ष आहेत ते त्यांना तिकिटं देतात आणि 'परप्रांतीय' हा शब्द लहान पक्षाकडे राहतो. एखादी निवडणूक त्यावर निघते, पुढची निघत नाही.

2025 च्या जुलैत मात्र वेगळं चित्र दिसलं. पहिलीपासून हिंदीचा सरकारी निर्णय मागे घ्यावा लागला आणि 5 जुलैला वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका मंचावर आले. मीरा रोडला मराठी न बोलण्यावरून दुकानदाराला मारहाण झाल्याची बातमी देशभर फिरली. म्हणजे मुद्दा संपला नाही का? इथं थोडं नीट बघायला हवं. सरकारला माघार घ्यायला लावली ती शाळेतल्या भाषेच्या प्रश्नानं. मराठी शिकवा, मराठीत बोला, ही मागणी आणि 'तुम्ही इथून जा' ही मागणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला अजून धार आहे. दुसरी कमी कमी ऐकू येते.

गुजरातनं 2023 च्या फेब्रुवारीत कायदा करून सगळ्या शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा केला, तोही विधानसभेत एकमतानं. सुरतेतल्या मराठी माध्यमाच्या मुलालाही गुजराती शिकावी लागते. त्यावरून इथं कुणाच्या कानशिलात बसली नाही, की कुणी मोर्चा काढला नाही. भेस्तानमधली खान्देशी पोरं घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि कारखान्यात हिंदी बोलतात. मुंबईत मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनी आणि त्याला विरोध करणाऱ्यांनीही एकदा हे बघून जावं.

मुद्दा कुठे चालतो, कुठे आपटतो

बाहेरच्यांविरुद्धचा प्रचार देशातून गेला, असं म्हणणं मात्र भाबडेपणाचं होईल. 2024 मध्ये ओडिशात तो जोरात चालला. नवीन पटनायक यांचे निकटवर्तीय, मूळचे तमिळ असलेले माजी सनदी अधिकारी व्ही. के. पांडियन यांना लक्ष्य करून भाजपनं 'ओडिया अस्मिते'चा प्रचार केला. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातल्या रत्नभांडाराच्या हरवलेल्या किल्ल्या तमिळनाडूत गेल्या का, इथपर्यंत भाषणं झाली. भाजप 147 पैकी 78 जागा जिंकून पहिल्यांदा स्वबळावर सत्तेत आला. ज्या ओडिशातले तरुण सुरतेत 'बाहेरचे' म्हणून माग चालवतात, त्याच ओडिशात 'बाहेरचा' या शब्दावर सरकार बदललं! फरक एवढाच की तिथं नेम मजुरावर नव्हता, सत्तेच्या खुर्चीशेजारी बसलेल्या एका माणसावर होता. मजुराविरुद्ध मत मागणं अवघड होत चाललं आहे, वरच्या माणसाविरुद्ध नाही.

त्याच वर्षी झारखंडमध्ये उलटं झालं. बांगलादेशी घुसखोर हा भाजपच्या प्रचाराचा कणा होता. 'रोटी, बेटी, माटी' ही घोषणा गावोगाव गेली. निकालात 81 पैकी 56 जागा झारखंड मुक्ती मोर्चाच्या आघाडीला आणि भाजपला 21. महिलांच्या खात्यात दरमहा पैसे टाकणारी मंईयां सन्मान योजना जास्त भारी पडली, असं बहुतेकांनी सांगितलं. 2025 मध्ये बिहारमध्ये घुसखोरांचा विषय पुन्हा निघाला आणि तिथं एनडीएनं 243 पैकी 202 जागा जिंकल्या. पण तिथंही निवडणुकीच्या तोंडावर महिलांच्या खात्यात 10 हजार रुपये जमा झाले होते आणि चर्चा त्याचीच जास्त होती. आपल्याकडची लाडकी बहीण आठवा. खात्यात जमा झालेला पैसा दिसतो. बाहेरच्यामुळे गेलेली नोकरी नेमकी कुणाची गेली, हे दाखवता येत नाही.

सुरतेत यातला एक बदल स्पष्ट दिसतो. शब्द बदलला आहे. 'परप्रांतीय' गेला आणि 'घुसखोर' आला. पहलगामच्या हल्ल्यानंतर 26 एप्रिल 2025 रोजी पहाटे गुजरात पोलिसांनी अहमदाबाद आणि सुरतेत झडती घेतली आणि बांगलादेशी असल्याच्या संशयावरून हजारावर लोकांना ताब्यात घेतलं, त्यातले 134 सुरतेतले होते. बेकायदा आलेला परदेशी माणूस शोधणं हे सरकारचं काम आहे, त्यात वाद नाही. अडचण अशी की संशय भाषेवरून आणि वस्तीवरून सुरू होतो. बंगाली बोलणारा पश्चिम बंगालचा भारतीय कामगारही त्याच खोल्यांत राहतो. त्याच्या खिशात त्या पहाटे कोणता कागद आहे, यावर सगळं येऊन थांबतं. गुजरातेतल्या लोकांना ही वेळ दुसऱ्या टोकाकडूनही माहीत आहे. 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं लष्करी विमानातून परत पाठवलेल्या पहिल्या 104 भारतीयांमध्ये 33 जण गुजरातचे होते.

ज्याचं मत नाही त्याचं काय

इथंच भेस्तानचा खरा प्रश्न येतो. सुरतेत बाहेरचा माणूस मुद्दा राहिला नाही, कारण तो मतदार झाला. पण जो आला, वीस वर्षं राबला आणि तरी मतदार झाला नाही, त्याचं काय?

यंत्रमागावरचा ओडिया कामगार हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. बारा तासांची पाळी. खोली किंवा मेसमध्ये एकाच जागेवर दिवसपाळीवाला रात्री झोपतो आणि रातपाळीवाला दिवसा. कुटुंब गावी. भाडेकरार नाही, लाइटबिल मालकाच्या नावावर, मग रहिवासाचा पुरावा आणायचा कुठून? मतदार यादीत नाव गंजामला. खान्देशी माणूस कुटुंब घेऊन आला, कर्ज काढून छोटंसं घर घेतलं, पोरं महापालिकेच्या शाळेत घातली आणि मतदार झाला. म्हणून आज त्याचा खासदार आहे, आमदार आहे. ओडिया कामगार लाखोंनी असूनही तसं झालं नाही.

2020 च्या टाळेबंदीत याची किंमत दिसली. मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत पांडेसरा, लसकाणा, वराछा, वरेली अशा ठिकाणी कामगार पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले. मागणी एकच होती, गावी जाऊ द्या किंवा खायला आणि पगार द्या. लाठीमार झाला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. मेमध्ये श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा ओडिशाकडे गाड्यांमागून गाड्या गेल्या. हीच माणसं इथल्या यादीत असती, तर सहा आठवडे कुणी त्यांना असं ठेवलं असतं का? पुढच्या वर्षीच्या महापालिका निवडणुकीत तो विषय जवळपास आलाच नाही. ज्यांच्यावर बेतलं होतं त्यांचं इथं मत नव्हतं.

म्हणून 'बाहेरचा हा मुद्दा संपला' ही बातमी अर्धीच चांगली आहे. तुमच्याविरुद्ध कुणी बोलत नाही, पण तुमच्या बाजूनंही बोलत नाही. रेशनच्या बाबतीत सरकारनं तोडगा काढला. 'एक देश, एक रेशनकार्ड' 2022 च्या मध्यापर्यंत सगळ्या राज्यांत पोहोचलं, गंजामच्या कार्डावर सुरतेत धान्य मिळू शकतं. मताच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही. निवडणूक आयोगानं 2022 च्या डिसेंबरमध्ये दूरच्या मतदारसंघाचं मत इथूनच देता येईल असं यंत्र जाहीर केलं. एका यंत्रावर 72 मतदारसंघ बसवता येतील, असं सांगितलं गेलं. 2023 च्या जानेवारीत पक्षांना बोलावलं, विरोधकांनी शंकांचा पाऊस पाडला आणि ते यंत्र मागे पडलं.

दोन गावांच्या यादीत नाव असेल तर

खान्देशी कुटुंबांना सध्या लागू पडणारी गोष्ट मतदार यादीची आहे. अनेकांची नावं गावीही आहेत आणि इथंही. एकदा गावाकडे सरपंचाच्या भावकीसाठी मतदान, एकदा इथं नगरसेवकासाठी. लोक याला चूक मानत नाहीत, पण कायदा मानतो. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 नुसार एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, एकदाच असू शकतं. जिथं तो 'सामान्यतः राहतो' तिथं. खोटं घोषणापत्र दिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

4 नोव्हेंबर 2025 पासून गुजरातसह 12 राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत यादीची विशेष सखोल फेरतपासणी, म्हणजे ज्याला सगळे 'एसआयआर' म्हणतात ती, सुरू झाली. महाराष्ट्र त्या टप्प्यात नव्हता. 19 डिसेंबरला गुजरातची मसुदा यादी आली, तेव्हा 5 कोटी 8 लाखांतली सुमारे 73 लाख नावं त्यात नव्हती. सगळ्यात मोठा गट 'कायमचे स्थलांतरित' म्हणून नोंदलेल्यांचा होता. एका भाड्याच्या खोलीतून दुसरीत जाणारा, पांडेसऱ्यातून भेस्तानला आणि तिथून सचिनला सरकणारा माणूस अशा तपासणीत सगळ्यात आधी गळतो. बीएलओ जुन्या पत्त्यावर येतो, खोलीला दुसऱ्याचं कुलूप असतं.

या फेरतपासणीचा आधार गुजरातमध्ये 2002 ची यादी होती. त्यात आपलं नाव नसेल तर आई-वडिलांचं चालतं, आणि ते दुसऱ्या राज्यातल्या यादीतलं असलं तरी चालतं. म्हणजे भेस्तानमध्ये वाढलेल्या पोरीला आपलं मत टिकवायला शिरपूर किंवा शहाद्याच्या जुन्या यादीत बापाचं नाव शोधावं लागतं. गळालेलं किंवा नवं नाव टाकायला फॉर्म 6, पत्ता बदलला असेल तर फॉर्म 8. फॉर्म 7 हा एखाद्या नावावर हरकत घेण्याचा असतो, तो दुसराही कुणी भरू शकतो. त्यामुळे मसुद्यात नाव दिसलं म्हणून निश्चिंत न राहता अंतिम यादीत ते आहे का, हे बघायलाच हवं.

गाव ठेवायचं की सुरत, हा निर्णय घराघरात अवघड जातो आहे. गावी सातबारा आहे, म्हातारे आई-वडील आहेत, ग्रामपंचायतीत एका-एका मताला भाव आहे. इथं घरकुल, पाण्याचं कनेक्शन आणि पोरांची शाळा आहे. ज्यांनी इथलं नाव सोडलं, त्यांची इथल्या नगरसेवकाला उद्यापासून गरज नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. खान्देशी माणसाला निदान निवड आहे, आणि गाव रात्रभराच्या अंतरावर आहे.

ओडिया कामगाराची गाडीही सुरतेहून निघून नंदुरबार-जळगाववरूनच पुढे नागपूर-रायपूरकडे जाते. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी, असा कायदा आहे आणि मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्या मतदारालाही तो लागू आहे. सुट्टी एका दिवसाची. गंजामला पोहोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, आणि माग बंद राहिला तर त्या दिवसाचे मीटर बुडतात.